संन्याशाची मुले

आबिड्सच्या परिसरात सेंट जॉर्जचे चर्च आहे आणि त्याच संताच्या नावाची शाळा आहे. थोडे पुढे गनफाउंड्रीत सेंट जोसेफ कॅथीड्रल आणि ऑल सेंट्स हायस्कूल. हैदराबादच्या मराठी घरांतली कितीतरी मुले या शाळांतून शिकली, त्यांतली अनेक लग्न न केलेल्या फादर आणि ब्रदर मंडळींच्या हाताखाली वाढली. तरीही त्यांच्या ब्रह्मचर्याविषयी आपल्यात जे बोलले जाते ते दोनच वाक्यांत संपते. एक मत असे, की देहाचा तिरस्कार करणाऱ्या धर्माने या माणसांचे पुरुषत्व काढून घेतले. दुसरे मत आदराचे: त्यांनी कामवासना जिंकली. दोन्हीकडून मग एकच निष्कर्ष निघतो, की ‘त्यांचे’ संत ब्रह्मचारी आणि ‘आपले’ संत संसारी. म्हणजे तुलना संपली.

मला ही दोन्ही मते उथळ वाटतात. दोन्ही मते ब्रह्मचर्याकडे एका माणसाच्या देहाचा आणि मनाचा खाजगी प्रश्न म्हणून पाहतात. मध्ययुगीन संतचरित्रे वाचताना मला वेगळेच दिसते. धर्माचा अधिकार बापाकडून मुलाकडे जावा की गुरूकडून शिष्याकडे, असे एक मोठे भांडण त्या काळात झाले. रक्ताचा वारसा नाकारायचा तर ज्याला मूल नाही असा पुरुष हाच अधिक पूर्ण पुरुष आहे, हे लोकांना पटवावे लागणार होते. संतचरित्रांनी ते काम केले. त्याची किंमत मात्र संतांनी फारशी मोजली नाही. ती धर्मगुरूंच्या बायकांनी आणि मुलांनी मोजली. मराठी वाचकाला हे समजायला युरोपात जावेच लागते असे नाही. आळंदी आणि पैठण यांच्यामध्ये हीच गोष्ट घडलेली आहे.

पुरुष ठरण्याच्या कसोट्या

आधी हे पाहू, की मध्ययुगीन युरोपात पुरुष कोणाला म्हणत. व्हर्न बुलो या इतिहासकाराने १९९४ मध्ये तीन कसोट्या मांडल्या: मूल जन्माला घालणे, आश्रितांचे रक्षण करणे, घर पोसणे. हा सांगाडा ढोबळ आहे, पण सरदार-शेतकरी समाजाला तो बऱ्यापैकी लागू पडतो. आता या कसोट्या पाद्र्याला लावून पाहा. शस्त्र धरायला त्याला मनाई, रक्त सांडायला मनाई, आणि अकराव्या-बाराव्या शतकांत लग्नालाही मनाई झाली. शेजारचा सरदार ज्या खुणांनी पुरुष ठरत होता त्यांतली एकही खूण पाद्र्याजवळ उरली नाही. तरीही त्या सरदाराने याच्यासमोर गुडघे टेकावेत, पापांची कबुली द्यावी, जमीन दान करावी अशी अपेक्षा होती.

सेंट जॉर्जच्या बाबतीत ही अडचण नाही. तो योद्धाच आहे. याकोबुस दे वोराजिने याने १२६० च्या दशकात संकलित केलेल्या ‘सुवर्णगाथा’ या प्रचंड गाजलेल्या संतचरित्रसंग्रहात तो घोड्यावरून ड्रॅगनला भाल्याने जखमी करतो, आणि मग राजकन्या आपला कमरपट्टा ड्रॅगनच्या गळ्यात बांधून त्याला शहरात नेते. जॉर्ज तिच्याशी लग्न करत नाही, पण त्याच्या पुरुषत्वाविषयी कोणाला शंका येत नाही.

सेंट जोसेफचे प्रकरण नाजूक होते. मेरीचा नवरा, पण येशूचा जन्मदाता नव्हे. मध्ययुगीन नाटकांतला जोसेफ म्हातारा, गोंधळलेला, बायकोवर संशय घेणारा आणि प्रेक्षकांच्या हसण्याचा विषय. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिस विद्यापीठाचा कुलगुरू ज्याँ जेर्सों याने ही प्रतिमा बदलायचा आग्रह धरला. जोसेफ तरुण होता, सशक्त होता, कष्ट करून बायको-मुलाला पोसणारा होता असे त्याने मांडले, आणि १४१६ मध्ये कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेपुढे जोसेफच्या गौरवासाठी प्रवचन दिले. १४७९ मध्ये पोप चौथा सिक्स्टस याने रोममध्ये त्याचा सण सुरू केला. जेर्सोंला जोसेफ तरुण का हवा होता? कारण म्हाताऱ्याचे ब्रह्मचर्य हे बळ नव्हे. सशक्त पुरुषाने पाळलेले ब्रह्मचर्य हेच बळ. आपल्या आबिड्सजवळच्या कॅथीड्रलला ज्याचे नाव आहे, त्या संताला पूज्य होण्याआधी पुरुष म्हणून सिद्ध व्हावे लागले.

देह शाबूत हवा

‘पुरुषत्व काढून घेतले’ या मताला सर्वांत जुने आणि ठाम उत्तर ३२५ साली निकायाच्या परिषदेने दिलेले आहे. तिचा पहिलाच नियम सांगतो, की ज्याने स्वतःच्या हाताने स्वतःला खच्ची केले त्याला धर्मगुरू राहता येणार नाही. आजारपणात वैद्याने किंवा जुलमाने शत्रूने तसे केले असेल तर गोष्ट वेगळी. ब्रह्मचर्य हेच जर पुरुषत्वाचा नकार असते, तर चर्चने हा सोपा मार्ग बंद कशाला केला असता? चर्चला लढाई हवी होती. जिथे शत्रूच नाही तिथे विजय नाही.

म्हणून संतचरित्रांत लढाईचे प्रसंग पुन्हा पुन्हा येतात. महान ग्रेगरीने ५९३-९४ च्या सुमारास लिहिलेल्या बेनेडिक्टच्या चरित्रात, पूर्वी पाहिलेल्या एका स्त्रीची आठवण तीव्र होताच बेनेडिक्ट कपडे काढून काटेरी झुडपांत आणि खाजकुइरीत लोळतो. क्लेअरव्होचा बर्नार्ड एका स्त्रीकडे नजर खिळल्याबद्दल गळ्यापर्यंत गारठलेल्या तळ्यात उभा राहतो. थॉमस अक्वायनसला घरच्यांनी कोंडून त्याच्याकडे तरुणी पाठवली, तेव्हा त्याने चुलीतले जळते लाकूड उचलून तिला हाकलले, आणि मग स्वप्नात देवदूतांनी त्याच्या कमरेला पट्टा बांधला. हे कमरेला पट्टा बांधणे लक्षात घ्या. तरुण सरदाराला नाइट करताना त्याच्या कमरेलाही पट्टाच बांधत. चरित्रकाराने सरदाराचा विधी उचलून पाद्र्याला दिला आहे.

सर्वांत बोलका प्रसंग लिंकनच्या ह्यू याचा आहे. तो १२०० साली वारला, आणि त्याचे चरित्र त्याच्यासोबत राहिलेल्या एन्शमच्या ॲडमने लिहिले. वासनेने हैराण झालेल्या ह्यूला स्वप्नात त्याच्या जुन्या मठाचा दिवंगत प्रमुख भेटतो, सुरीने त्याच्या पोटातून निखाऱ्यासारखे काहीतरी कापून काढून फेकून देतो, आणि ह्यूला शांतता मिळते. ॲडम पुढे खुलासा करतो, की त्यानंतरही ह्यूला वासना जाणवत असे, पण ती इतकी क्षीण, की सहज बाजूला सारता येई. हा खुलासा करायची गरज त्याला भासली यातच सगळे आले. ह्यू खच्ची झाला असे वाचकाला वाटू नये याची त्याला काळजी आहे. ह्यूने राजालाही सुनावले, दंगेखोर जमावासमोर तो एकटा उभा राहिला. तो अपुरा माणूस नव्हता, हे चरित्रकाराला कुठेही सुटू द्यायचे नव्हते.

भांडण जमिनीचे, भाषा शुद्धतेची

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. हजार वर्षे अनेक पाद्री लग्न करत होते. नियम होते, पण गावोगावच्या पाद्र्याला बायको होती, मुले होती, आणि बऱ्याच ठिकाणी चर्च बापाकडून मुलाकडे जात होते. अकराव्या शतकात हे अचानक असह्य का झाले?

१०२२ मध्ये पाव्हियाच्या परिषदेत पोप आठवा बेनेडिक्ट आणि सम्राट दुसरा हेन्री यांनी जे ठरवले ते वाचले, की कारण उघड होते. पाद्री आपल्या मुलांना चर्चची मालमत्ता देऊन टाकतात, ही तक्रार तिथे स्पष्ट आहे. उपाय असा केला, की पाद्र्याची मुले चर्चची दास ठरतील, त्यांच्या नावावर काही राहणार नाही. शिक्षा बापाच्या पापाची, भोगणारी मुले. १०७४ नंतर पोप सातवा ग्रेगरी याने विवाहित पाद्र्यांच्या प्रार्थनांवर बहिष्कार घालायला सामान्य लोकांना उद्युक्त केले. ११२३ च्या पहिल्या लॅटरन परिषदेने बंदी घातली, आणि ११३९ च्या दुसऱ्या परिषदेने तर धर्मगुरूंचे लग्न हे लग्नच नव्हे असे ठरवले. ज्या स्त्रिया काल गावासमोर पत्नी होत्या त्या एका निर्णयाने रखेल्या झाल्या.

हे सहजासहजी घडले नाही. १०७० च्या दशकात रूआंच्या आर्चबिशपने पाद्र्यांना बायका सोडायला सांगितले तेव्हा त्याच्यावर दगड फेकले गेले. लग्नाच्या बाजूने पत्रके लिहिली गेली, जुन्या करारातल्या विवाहित पुरोहितांचे दाखले दिले गेले. या लोकांना आपण ‘घसरलेले’ म्हणून मोकळे होतो, कारण आपल्यापर्यंत पोहोचलेली चरित्रे विजेत्यांची आहेत. माझ्या मते ते एका वेगळ्या पुरुषत्वाचे प्रामाणिक प्रतिनिधी होते: घर चालवणारा, मुलाला वेद-मंत्रांसारखी आपली विद्या शिकवणारा, गावात मूळ धरलेला धर्मगुरू. कोकणातल्या किंवा गोदाकाठच्या भिक्षुक घरात हा माणूस आपल्याला लगेच ओळखू येतो.

जो ॲन मॅक्नमारा यांनी १९९४ मध्ये १०५० ते ११५० हा काळ पुरुषांच्या ओळखीच्या संकटाचा काळ म्हणून मांडला. मला त्यांचे निदान पटते, फक्त त्यात एक भर घालावीशी वाटते. संकट कोणाला होते आणि कोणी ते कोणावर ढकलले हे पाहिले, की संकटाच्या केंद्रस्थानी वासनेपेक्षा मूल दिसते. पाद्र्याने चुकून केलेल्या पापाला प्रायश्चित्त होते. पाद्र्याच्या मुलाला मात्र प्रायश्चित्त नव्हते, कारण मूल म्हणजे वारस.

१०७८ च्या पोतियेच्या परिषदेने नेमके हे शब्दबद्ध केले. पाद्र्याच्या मुलाला दीक्षा मिळणार नाही. अपवाद एकच, तो मठवासी झाला किंवा नियमबद्ध संघात राहू लागला तर. म्हणजे बापाचा डाग मुलाला पुसता येतो, पण वंश स्वतःवर थांबवूनच.

पैठणचा निवाडा

इथवर आल्यावर मराठी माणसाला आळंदी आठवल्याशिवाय राहणार नाही. आपेगावचे विठ्ठलपंत लग्नानंतर काशीला जाऊन संन्यास घेतात. आळंदीत त्यांची पत्नी रुक्मिणी सुवर्णपिंपळाला प्रदक्षिणा घालत असते. तिथे आलेल्या एका स्वामींना ती नमस्कार करते, ते पुत्रवती होण्याचा आशीर्वाद देतात, आणि नवरा तर संन्यासी झाला आहे हे ती सांगते. तो आपलाच शिष्य, हे स्वामींच्या ध्यानात येते आणि ते विठ्ठलपंतांना परत संसारात पाठवतात. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता ही चार मुले होतात. ज्ञानदेवांचे जन्मवर्ष सामान्यतः १२७५ धरतात. गाव त्यांना संन्याशाची मुले म्हणून वाळीत टाकते, मुंज नाकारते. आईबाप देहान्त प्रायश्चित्त घेतात. मुले शुद्धिपत्रासाठी पैठणला जातात. परंपरेतल्या कथनानुसार त्यांना शुद्ध मानले जाते, आणि त्यासोबत त्यांनी ब्रह्मचारी राहावे, प्रजा वाढवू नये हा अर्थही येतो. चौघांपैकी कोणीही लग्न केले नाही.

पोतिये आणि पैठण यांचा निवाडा एकच आहे. तुम्ही संत होऊ शकाल, बाप होऊ शकणार नाही.

आता युरोपातला एक माणूस पाहू. रिव्होचा आयल्रेड, जन्म १११०, मृत्यू ११६७. उत्तर इंग्लंडमधले हे घराणे पिढ्यान्‌पिढ्या विवाहित पाद्र्यांचे. पणजोबा डरहॅमच्या कॅथीड्रलमध्ये संतांच्या अवशेषांचे राखणदार. १०८३ मध्ये डरहॅमच्या बिशपने विवाहित धर्मगुरूंना काढून तिथे मठवासी आणले. घराणे हेक्सहॅमला सरकले. १११३ मध्ये हेक्सहॅमही नियमबद्ध संघाकडे गेले, आणि आयल्रेडचे वडील आयलाफ यांचा अधिकार हळूहळू आक्रसत गेला. ११३८ मध्ये मरणापूर्वी त्यांनी उरलासुरला हक्कही सोडला. त्याच्या चारच वर्षे आधी मुलगा रिव्होच्या मठात दाखल झाला होता. पुढे तो तिथला मठाधिपती झाला, आणि शिष्यांवर आईसारखी माया करणारा म्हणून प्रसिद्ध झाला. त्याचे चरित्र लिहिणारा शिष्य वॉल्टर डॅनियल त्याला गार पाण्याच्या हौदात उभा राहून देहाची आग विझवताना दाखवतो.

पाद्र्याचा मुलगा, वंश थांबवणारा, आणि शेवटी सगळ्यांची आई. संन्याशाचा मुलगा, वंश थांबवणारा, आणि शेवटी सगळ्यांची माउली. यांचा एकमेकांशी कसलाही संपर्क नव्हता. दोन समाजांनी एकच पेच घातला, आणि त्या पेचातून बाहेर पडायला दोघांसाठी एकच दार उघडे होते.

फरकही तितकाच महत्त्वाचा आहे. वॉल्टर डॅनियलचे चरित्र आयल्रेडच्या घराण्यापासून सुरू होत नाही. ते स्कॉटलंडचा राजा डेव्हिड याच्या दरबारात काम करणाऱ्या तरुणापासून सुरू होते. वडिलांच्या लग्नाला तिथे जागा नाही. मराठी चरित्रपरंपरेने उलट केले. नामदेवांच्या नावावरच्या ‘आदि’च्या अभंगांपासून महिपतींच्या ‘भक्तविजया’पर्यंत (१७६२) कथा सुरूच होते ती विठ्ठलपंतांच्या संन्यासापासून. जी गोष्ट लाजेची मानली गेली तीच पहिला अध्याय झाली. पैठणच्या निवाड्याला रेड्याच्या तोंडून वेद वदवून उत्तर दिले गेले: अधिकार जन्माने येत नाही, हे सांगायला जनावरापेक्षा मोठा साक्षीदार कोणता? लॅटिन चरित्रे धर्मसत्तेच्या निर्णयाला शोभा आणतात. आपली चरित्रे त्याच निर्णयाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतात. मराठी संतसाहित्याचे मोठेपण शोधायचे तर मी ते ‘आपले संत संसारी’ या वाक्यात शोधणार नाही. ते इथे आहे.

‘पण माउली म्हणजे पुरुषत्वाचा त्यागच ना?’

हा आक्षेप गंभीर आहे. कॅरोलाइन बायनम यांनी १९८२ मध्ये दाखवले, की बाराव्या शतकातले बर्नार्ड, आयल्रेड यांच्यासारखे सिस्टर्सियन मठाधिपती स्वतःला आणि येशूलाही आई म्हणतात, दूध पाजण्याची भाषा वापरतात. इकडे ‘लीळाचरित्र’ लिहिणाऱ्या म्हाइंभटानेच लिहिलेल्या गोविंदप्रभूंच्या चरित्रात ऋद्धिपूरचे लोक त्यांना आई आणि बाप दोन्ही म्हणतात. विठ्ठल विठाई होतो. मग हे पुरुषत्व सोडणेच नाही का?

बायनम यांचे स्वतःचे उत्तर सावध आहे: ही भाषा स्त्रियांविषयी कमी आणि अधिकाराविषयी जास्त सांगते. हुकूम सोडणाऱ्याला आपला हुकूम मायेचा वाटावा असे वाटत होते. मी एक पाऊल पुढे जाईन. आई होण्याची मुभा कोणाला आहे ते पाहा. ज्याच्याकडे बापाचा अधिकार आधीच आहे त्याला आईपण जोडून घेता येते, आणि त्यात त्याचे काही कमी होत नाही. उलट दिशेने गेल्यास मात्र मोबदला द्यावा लागतो. २०३ साली कार्थेजमध्ये मारली गेलेली पर्पेतुआ मरणाआधी स्वप्नात पुरुष होते, तेव्हा कुठे आखाड्यात लढते. ‘सुवर्णगाथे’तली मरीना पुरुषवेशात मठात राहते. तिच्यावर एका मुलीला गरोदर केल्याचा आरोप येतो, ती तो निमूट स्वीकारते, मठाच्या दाराबाहेर राहून ते मूल वाढवते, आणि ती स्त्री होती हे मेल्यावरच कळते. या कथेतला मठ एका संन्याशाच्या पुरुषत्वावर क्षणात विश्वास ठेवतो, कारण त्याच्यावर बापपणाचा आरोप आहे.

आपल्याकडे या नियमाला एक मोठे भगदाड आहे, मुक्ताबाईचे. वाघावर बसून, सापाचा चाबूक करून येणारा चांगदेव हा योगसामर्थ्याच्या पुरुषी थाटाचा कळस. त्याला सामोरी जाते ती चार भावंडे बसलेली भिंत. आणि परंपरा चांगदेवाला ज्ञानदेवांचा शिष्य न करता मुक्ताबाईचा शिष्य करते. लहान वयाच्या मुलीला गुरू होण्यासाठी पुरुष व्हावे लागत नाही. असे उदाहरण लॅटिन चरित्रांत माझ्या वाचनात नाही.

‘ते तिसरेच लिंग होते’

आर. एन. स्वॉन्सन यांनी १९९९ मध्ये सुचवले, की लग्नबंदीच्या सुधारणेनंतरचा पाद्री धड पुरुष नाही, स्त्री नाही, देवदूतासारखी तिसरी कोटी आहे. हे मत आकर्षक आहे, आणि मठातल्या काही लेखकांच्या स्वप्नाला ते लागूही पडते. पण चरित्रांच्या तपशिलाशी ते जुळत नाही. देवदूताला तळ्यात उभे राहावे लागत नाही. कँटरबरीचा आर्चबिशप थॉमस बेकेट २९ डिसेंबर ११७० रोजी स्वतःच्या कॅथीड्रलमध्ये चार सरदारांच्या तलवारींखाली मेला. त्याचे कपडे उतरवले तेव्हा आत उवांनी भरलेले केसाळ कापड सापडले, आणि कालचा दरबारी शौकीन मठवासी होता हे सिद्ध झाले. चरित्रकार हा प्रसंग रंगवतात तो रणांगणासारखा. ११७३ मध्ये तो संत घोषित झाला. सशस्त्र सरदारांपेक्षा निःशस्त्र बिशप अधिक मर्द आहे, हे सांगण्यासाठीच ती कथा लिहिलेली आहे. तिसरी कोटी सांगणाऱ्याला अशी तुलना करायचे कारण नसते.

‘तुलनाच चुकीची आहे’

शेवटचा आक्षेप जाणकारांकडून येईल. युरोपात प्रश्न चर्चच्या मालमत्तेचा होता. आळंदीत प्रश्न आश्रमधर्माचा, संन्यास घेऊन परतण्याचा होता. दोन्ही एका तराजूत कसे?

फरक मान्य आहे. पण मुंज नाकारणे म्हणजे काय नाकारणे? वेदाध्ययनाचा, विधी करण्याचा, म्हणजे ब्राह्मण घराच्या जगण्याच्या साधनाचा हक्क नाकारणे. विठ्ठलपंतांचे घर परंपरेनुसार आपेगावच्या कुलकर्णाचे. वृत्ती आणि वतन मुलाकडे जाण्याची अटच तिथे तोडली गेली. काळही जुळतो. थॉमस अक्वायनस १२७४ मध्ये वारला, ‘लीळाचरित्र’ १२७८ च्या सुमाराचे, ‘सुवर्णगाथा’ त्याच्या थोडी आधीची. दोन्हीकडे लेखणी सामान्य लोकांना कळणाऱ्या कथांकडे वळत होती.

आणि दोन परंपरा एकमेकींना अगदीच अनोळखीही नव्हत्या. बोधिसत्त्वाची कथा अरबी, जॉर्जियन, ग्रीक अशा वाटेने अकराव्या शतकात लॅटिनमध्ये पोहोचली आणि राजपुत्र जोसाफत हा ख्रिस्ती संत झाला. त्याच्याकडे बाप सुंदर स्त्रिया पाठवतो, तो डगमगत नाही, राज्य सोडून जातो. युरोपने ब्रह्मचारी राजपुत्राचे एक सुंदर चरित्र भारताकडून घेतले. सतराव्या शतकात उलटा प्रवास झाला. गोव्यात थॉमस स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये आले, एत्येन द ला क्रुआने सेंट पीटरवर ओवीबद्ध पुराण १६२९ मध्ये छापले, आणि आंतोनियो द साल्दान्याने १६५५ मध्ये पादुआच्या सेंट ॲन्थनीची जीवित्वकथा मराठीत आणली. ॲन्थनी हा बाल येशूला कडेवर घेतलेला ब्रह्मचारी. ज्या साष्टीच्या घरांत वंश, कूळ, दत्तक यांवर सगळा धर्म उभा होता त्यांना मूल नसलेला हा पुरुष मूल हातात घेऊनच भेटला. याचा अभ्यास मराठीत व्हायला हवा. तो भाषेपुरता झाला आहे, पुरुषत्वाच्या अंगाने झालेला नाही.

हैदराबादचा या अभ्यासावर खास हक्क आहे असे मला मनापासून वाटते. पैठण, आपेगाव, रामदासांचे जांब, नामदेवांची नर्सी ही सगळी गावे १९५६ पर्यंत याच शहराच्या राज्यात होती. दोन्ही परंपरांची चरित्रे एकाच टेबलावर ठेवून वाचण्यासाठी याहून योग्य गाव दुसरे नाही.

ज्यांचे चरित्र लिहिले गेले नाही

रोमचा ॲलेक्सिस लग्नाच्या रात्री वधूला सोडून जातो. सतरा वर्षांनी परततो, आणि आणखी सतरा वर्षे बापाच्याच घराच्या जिन्याखाली अनोळखी भिकारी म्हणून राहतो. रामदास ‘सावधान’ ऐकून बोहल्यावरून निघून जातात, परंपरेनुसार १६२० मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी. दोन्ही कथांत पळून जाणे हाच पराक्रम आहे. फ्रेंच भाषेतल्या ॲलेक्सिसच्या जुन्या काव्यात निदान त्याची वधू प्रेताजवळ उभी राहून शोक करते, तिला आवाज आहे. रामदासांच्या चरित्रकथेत मंडपात उरलेल्या मुलीला कथा तिथेच सोडते. रामदासांनी पुढे वेणाबाईंना मिरजेचा मठ दिला, विधवेला कीर्तनाचा अधिकार दिला, हे मोठे काम होते. म्हणूनच ती सोडलेली जागा अधिक बोचते.

पाद्र्यांच्या बायकांना तर शिव्याच मिळाल्या. पीटर डेमियन याने १०६४ मध्ये ट्युरिनच्या बिशपला लिहिलेल्या पत्रात त्यांना उद्देशून घाणेरड्या विशेषणांची रांग लावली आहे. हाच डेमियन पुढे संत म्हणून पूजला गेला. त्या स्त्रियांपैकी कोणी घर चालवले, कोणी चर्चची फुले-मेणबत्त्या सांभाळल्या, कोणी मुलाला पहिली प्रार्थना शिकवली, हे कोणी लिहिले नाही.

बाराव्या शतकातला नॉर्मंडीचा मोठा इतिहासकार ऑर्डेरिक व्हिटालिस हाही पाद्र्याचाच मुलगा. जन्म १०७५. दहा वर्षांचा असताना बापाने, ओडेलेरियसने, त्याला समुद्रापलीकडच्या सेंट एव्हरूच्या मठात कायमचे पाठवून दिले. म्हातारपणी ऑर्डेरिकने ती ताटातूट लिहिली आहे: बाप रडत होता, मुलगा रडत होता, आणि नव्या देशात कोणाची भाषा त्याला कळत नव्हती. बापाचे नाव, त्याची विद्या, त्याचा धर्मनिष्ठ निर्णय हे सगळे त्याने नोंदवले. त्याची आई इंग्लिश होती असा अभ्यासकांचा अंदाज आहे. तिचे नाव त्याच्या इतक्या मोठ्या ग्रंथात कुठेही नाही. आळंदीच्या सिधोपंतांची मुलगी रुक्मिणी हिचे नाव मराठीने ठेवले, आणि पिंपळाखाली तिने तोंड उघडले म्हणून पुढचे सगळे घडले हेही ठेवले.